वकीलपत्र होते, कोर्ट नव्हते : रंगो बापूजी प्रकरण

आमच्या साताऱ्याच्या कोर्टात रोज गठ्ठ्याने वकीलपत्रे दाखल होतात. पक्षकाराची सही, खाली वकिलाने स्वीकारल्याची सही, तिकीट चिकटवले की काम झाले. समोरच्या बाजूला तो वकील पसंत आहे की नाही, हे कोणी विचारत नाही. राजदूताचे तसे नसते. ज्या सरकारकडे त्याला पाठवायचे त्या सरकारने आधी हो म्हणावे लागते. 1961 च्या व्हिएन्ना करारातले चौथे कलम त्यासाठीच आहे. हो मिळाले नाही तर हातातले अधिकारपत्र कोणाच्याही सहीचे असो, तो माणूस तिथे एक पाहुणा ठरतो, आणि काही दिवसांनी नकोसा पाहुणा.

हा फरक मला पुस्तकातून फारसा कळला नव्हता. तो कळला साताऱ्याच्या पदच्युत छत्रपतींची बाजू लंडनमध्ये मांडणाऱ्या रंगो बापूजी गुप्त्यांच्या प्रकरणातून. गेली काही वर्षे माझ्याकडे काम शिकायला येणाऱ्या ज्युनियरांना मी हे प्रकरण एखाद्या चालू दाव्यासारखे वाचायला लावतो. इथेही तसेच मांडतो आहे.

आधी शब्दाबद्दल, कारण घोळ तिथूनच सुरू होतो. आज वकील म्हणजे काळा कोट. मराठेशाहीत वकील म्हणजे परदरबारी आपल्या धन्याच्या वतीने बोलणारा माणूस. 1659 मध्ये अफजलखानाची भेट ठरवायला शिवाजी महाराजांकडून पंताजी गोपीनाथ गेले आणि खानाकडून कृष्णाजी भास्कर आले. ते दोघेही वकीलच. दिल्लीत पेशव्यांची वकिली हिंगणे घराण्याने सांभाळली. ही माणसे न्यायनिवाड्याची नव्हती. तह, चौथाई, सैन्याच्या हालचाली, रुसवेफुगवे हे त्यांचे काम. कंपनी सरकारची कोर्टे आली, तसा तोच शब्द कोर्टात उभ्या राहणाऱ्या माणसाला चिकटला. रंगो बापूजी नेमके या वळणावर उभे होते. साताऱ्याहून ते जुन्या अर्थाचे वकील म्हणून निघाले आणि लंडनमध्ये त्यांना काम करावे लागले नव्या अर्थाच्या वकिलाचे.

आता पक्षकार. छत्रपती प्रतापसिंह, जन्म 1793. फेब्रुवारी 1818 मध्ये अष्टीला पेशव्यांचे सेनापती बापू गोखले पडले, बाजीराव निसटला आणि छत्रपतींचा कुटुंबकबिला इंग्रजांच्या हाती आला. इंग्रजांनी त्यांना त्याच वर्षी साताऱ्याच्या गादीवर बसवले. 25 सप्टेंबर 1819 ला तह झाला. वरच्या बाजूला नीरा आणि भीमा, खाली वारणा आणि कृष्णा, पश्चिमेला सह्याद्री, पूर्वेला पंढरपूर-विजापूरपर्यंतचा मुलूख. म्हणजे आजच्या सांगली जिल्ह्यातले वाळवा-शिराळ्याकडचे गावही याच दाव्याच्या मिळकतीत येते. तहाच्या पहिल्याच कलमात हा मुलूख राजाला, त्याच्या वारसांना आणि उत्तराधिकाऱ्यांना कायमच्या सत्तेने दिला असे शब्द आहेत. पाचव्या कलमात मात्र अट घातली होती : रेसिडेंटाला, म्हणजे दरबारी बसणाऱ्या कंपनीच्या प्रतिनिधीला, वगळून परक्या सत्तेशी किंवा आपल्या हुकमतीबाहेरच्या सरदारांशी राजाने कसलाही व्यवहार ठेवायचा नाही. ही दोन कलमे लक्षात ठेवावीत. पहिल्यावर रंगो बापूजींची सगळी मदार होती आणि पाचव्याने त्यांच्या पक्षकाराचा घात केला.

प्रतापसिंहांचा कारभार चांगला होता, हे त्यांच्या विरोधकांनीही फारसे नाकारले नाही. रस्ते झाले, यवतेश्वरावरून शहरात पाणी आले, महाबळेश्वरची वसाहत उभी राहायला त्यांचा हातभार लागला. 1835 च्या अखेरीस कंपनीच्या डायरेक्टरांनी खूश होऊन त्यांना प्रशंसेचे पत्र आणि रत्नजडित तलवार पाठवली. मुंबई सरकारने ती त्यांच्यापर्यंत पोहोचूच दिली नाही.

का पोहोचू दिली नाही, तर तोवर वाद पेटला होता. तहाने औंधचे पंत प्रतिनिधी, भोरचे पंत सचिव, फलटणचे निंबाळकर, जतचे डफळे, अक्कलकोटकर हे जहागीरदार राजाच्या हाताखाली ठेवले होते, पण कंपनीच्या हमीवर. जहागीरदार निपुत्रिक गेला तर जहागीर कोणाकडे? राजा म्हणे माझ्याकडे, मुंबई सरकार म्हणे नाही. लंडनच्या डायरेक्टरांचा कौल राजाकडे झुकला होता, पण तोही मुंबईने दाबून ठेवला. वाट पाहून थकलेल्या राजाने थेट लंडनला माणसे पाठवायचे ठरवले. मुंबईच्या अधिकाऱ्यांना हे किती झोंबले असेल, याचा अंदाज कोणत्याही सरकारी कचेरीत वरच्या साहेबाकडे तक्रार करून पाहिलेल्या माणसाला येईल.

मग आरोप आले. 23 व्या पलटणीच्या देशी अंमलदारांना फितवले, गोव्याच्या पोर्तुगीजांशी संधान बांधले, नागपूरच्या पदच्युत आप्पासाहेब भोसल्यांशी पत्रव्यवहार केला. तिन्ही आरोप पाचव्या कलमाभोवती फिरणारे. 1836 च्या ऑक्टोबरात गुप्त चौकशी बसली : रेसिडेंट लॉडविक, मुंबई सरकारचे सचिव विलोबी आणि ओव्हन्स. पुढे हेच ओव्हन्स लॉडविकच्या जागी रेसिडेंट झाले.

इथे मी ज्युनियरांना थांबवतो. चौकशीतले साक्षीदार कोण, ते काय बोलले, कागद कोणते, हे आरोपीला पुरेसे दाखवलेच गेले नाही. उलटतपास नाही, नकला नाहीत. राजाचे दिवाण गोविंदराव यांना आधी अहमदनगरला कैदेत टाकले आणि मग त्यांच्याकडून कबुली मिळवली. त्यांच्या आई गिरजाबाई यांच्या नावाचा एक अर्ज पुराव्यात आला, आणि तो दुसऱ्याच माणसाने लिहिल्याचे पुढे उघड झाले. आज एखाद्या तलाठ्याच्या खातेनिहाय चौकशीत असे झाले तरी आदेश टिकणार नाही. इथे तर एका राजाची गादी जाणार होती.

ऑगस्ट 1839 मध्ये मुंबईचे नवे गव्हर्नर सर जेम्स कार्नॅक स्वतः साताऱ्याला आले. त्यांनी तडजोड पुढे ठेवली. राजाने तहभंग झाल्याचे एका कागदावर मान्य करावे, सरकार मागचे सगळे माफ करील, गादी राहील. प्रतापसिंहांनी सही केली नाही. 5 सप्टेंबर 1839 ला त्यांना गादीवरून काढले, आधी लिंब गावी आणि तिथून काशीला नेले. गादीवर धाकटे बंधू आप्पासाहेब, म्हणजे शहाजी, बसले.

या सहीवर आमची सर्वात लांब चर्चा होते. तुम्ही राजाचे वकील असता तर काय सल्ला दिला असता? जवळजवळ सगळेच ज्युनियर म्हणतात, सही करा. कोर्टात आपण रोज हेच करतो. गुन्हा किरकोळ असला, दंड भरून सुटत असला, तर पक्षकाराला कबुली द्यायला सांगतो, कारण तारखा आणि खर्च त्याला परवडत नाही. एका मुलीने फार चांगले विचारले होते : "सर, कबुली दिली तर पुढच्या वेळी तीच निशाणी त्यांच्यावर लागली असती ना?" बरोबर. तहभंगाची लेखी कबुली हाती आलेल्या सरकारला दुसऱ्यांदा चौकशी करायचीही गरज उरली नसती. पहिले कलम जिवंत ठेवायचे तर पाचव्याखाली सही करता येत नव्हती. मी स्वतः कोणता सल्ला दिला असता, हे मला आजही छातीठोकपणे सांगता येत नाही. पण एक गोष्ट दिसते. शहाजींनी इंग्रजांचे सगळे ऐकले. 5 एप्रिल 1848 ला ते औरस मुलगा नसताना वारले, मरणाआधी काही तास त्यांनी दत्तक घेतला, आणि गव्हर्नर जनरल डलहौसीने तो दत्तक नाकारून राज्य खालसा केले. दत्तक नामंजूर म्हणून खालसा झालेले डलहौसीच्या हातचे पहिले संस्थान सातारा. ऐकणाऱ्याचे आणि न ऐकणाऱ्याचे राज्य एकाच कारकुनी वाटेने गेले.

रंगो बापूजी लंडनला पोहोचले तेव्हा हे पुढचे कोणालाच माहीत नव्हते. ते मूळचे कारीचे, रोहिडखोऱ्यातल्या दादाजी नरसप्रभू देशपांड्यांच्या घराण्यातले चांद्रसेनीय कायस्थ प्रभू. कागद आणि कारभार घरातच होता. त्यांच्या आधी आणि बरोबर राजाची इतर माणसेही विलायतेला गेली होती. ती परतली. रंगो बापूजी मागे राहिले, आणि एकूण चौदा वर्षे राहिले.

आता मुख्य प्रश्न : त्यांनी वकीलपत्र दाखल कुठे करायचे?

इंग्लंडच्या कोर्टात? तो रस्ता बंद होता. अर्काटच्या नवाबाने कंपनीवर दावा लावला होता, आणि दोन राजसत्तांमधला हा मामला आमच्यापुढे चालत नाही म्हणून 1793 मध्ये तो संपला. पुढे 1859 मध्ये तंजावरच्या भोसल्यांच्या राणीच्या प्रकरणात प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे लंडनमधल्या शेवटच्या अपील न्यायालयाने, हेच आणखी स्पष्ट सांगितले : राज्य ताब्यात घेणे ही राजसत्तेची कृती आहे, न्यायालय त्यात शिरणार नाही. स्वतंत्र भारताच्या संविधानातही संस्थानिकांशी झालेल्या जुन्या तह-करारांच्या वादात कोर्टांना मनाई करणारे कलम 363 आहे. म्हणजे रंगो बापूजी आज आले असते, तरी आमच्या रजिस्ट्रारने आधी त्याच मुद्द्यावर अडवले असते.

मग राजदूत म्हणून जायचे? तिथे पाचवे कलम आडवे. कंपनी म्हणे, साताऱ्याच्या राजाला आमच्याकडे वकील ठेवायचा अधिकारच नाही, जे सांगायचे ते मुंबई सरकारमार्फत सांगा. ज्याच्याविरुद्ध तक्रार, त्याच्याच टेबलावर अर्ज ठेवायचा. शिवाय ज्याच्या वतीने बोलायचे तो राजा कंपनीच्या हिशेबी आता राजाच नव्हता. गादीवर दुसरा बसला होता आणि त्याची काही तक्रार नव्हती.

साताऱ्याहूनच निघालेल्या दुसऱ्या एका माणसाची इथे आठवण येते. औंधचे अप्पासाहेब पंत, त्याच प्रतिनिधी घराण्यातले, लंडनला शिकून बॅरिस्टर झाले, संस्थानच्या लोकराज्याच्या प्रयोगात राबले, आणि 1948 पासून भारताचे प्रतिनिधी म्हणून नैरोबी, इंडोनेशिया, नॉर्वे, इजिप्त अशी ठाणी करत 1969 ते 1972 लंडनमध्ये उच्चायुक्त होते. वकिलीतून राजदूत झालेला माणूस म्हणजे काय, हे त्यांच्याकडे पाहून सरळ कळते, कारण त्यांच्या मागे एक देश उभा होता. ज्या शहरात अप्पासाहेबांची परिचयपत्रे रीतसर स्वीकारली गेली, त्याच शहरात रंगो बापूजींचे कागद न उघडता परत येत.

त्यांनी तिसरा दरवाजा शोधला, आणि त्यांची खरी अक्कल मला इथे दिसते. कंपनी ही शेवटी कंपनी होती. लेडनहॉल स्ट्रीटवर तिचे चोवीस डायरेक्टर बसत, आणि त्यांच्या वर भागधारकांची सभा असे. हजार पौंडांचा भाग असणाऱ्याला एक मत. आपल्याकडे साखर कारखान्याच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत एखादा सभासद उठतो, अहवालातले पान दाखवून अध्यक्षांना जाब विचारतो, आणि मागून मंजूर-मंजूरचा गजर होतो. ज्याने ही सभा पाहिली आहे त्याला लंडनमधले चित्र लगेच समजेल. भागधारकांना ठराव मांडता येत होता, कागदपत्रे छापून मागता येत होती, आणि वर्तमानपत्रांचे बातमीदार समोर बसलेले असत. जोसेफ ह्यूम, सर चार्ल्स फोर्ब्स, जॉन सलिव्हन, गुलामगिरीविरुद्ध आवाज उठवणारे जॉर्ज थॉम्सन यांनी सातारचे प्रकरण या सभेत उचलून धरले. ह्यूम यांनी ते पार्लमेंटात नेले. रंगो बापूजींच्या नावाने इंग्रजीत निवेदने छापली गेली. मुद्दा एकच, आणि तो वकिली मुद्दा होता : आमचा राजा निर्दोष आहे असे तुम्ही माना असे आम्ही म्हणत नाही, त्याची उघड चौकशी करा.

आणि एक साक्षीदार फुटला, पण आपल्या बाजूने. चौकशी समितीत बसलेले लॉडविक इंग्लंडला परतल्यावर राजा निर्दोष असल्याचे जाहीरपणे सांगू लागले. महाबळेश्वरला लॉडविक पॉइंटवर फोटो काढणाऱ्यांनी हे जरूर लक्षात ठेवावे. साताऱ्याचे आधीचे रेसिडेंट रॉबर्टसन आणि ब्रिग्ज हेही राजाच्या बाजूने बोलले. दाव्याच्या दृष्टीने याहून भक्कम पुरावा तो काय? पण मतदान झाले की बहुमत संचालक मंडळाचे. आणि मंडळाच्या वर कंपनीवर देखरेख करणारे सरकारचे बोर्ड ऑफ कंट्रोल. तिथे बराच काळ अध्यक्ष होते हॉबहाउस, आणि ते या मागणीच्या पूर्ण विरोधात.

14 ऑक्टोबर 1847 ला प्रतापसिंह काशीला वारले. पक्षकार वारला की दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर 3 रूल 4 प्रमाणे वकीलपत्र संपते. करार कायद्याच्या कलम 201 प्रमाणेही मुखत्यारी मालकाच्या मृत्यूबरोबर जाते. पण त्याच कायद्यात कलम 209 आहे. मालक वारला तरी आपल्याकडे सोपवलेल्या हिताचे रक्षण करण्यासाठी मुखत्याराने वारसांच्या वतीने वाजवी ती सगळी पावले उचलायची, असे ते सांगते. हा कायदा आला 1872 ला. रंगो बापूजी त्याच्या पाव शतक आधी तेच करत होते. पुढची कैफियत त्यांनी राणीसाहेबांच्या आणि प्रतापसिंहांच्या दत्तक शाहूंच्या वतीने चालवली. हे कलम शिकवताना मला दुसरे उदाहरण लागत नाही.

सहा महिन्यांत शहाजीही गेले आणि दाव्याचे स्वरूपच पालटले. आधी प्रश्न होता, गादीवर कोण. आता प्रश्न झाला, गादी राहणार का. पहिल्या कलमातले वारस आणि उत्तराधिकारी हे शब्द पणाला लागले. हिंदू धर्मशास्त्राप्रमाणे दत्तक पुत्र पूर्ण वारस, यात कोणाचेच दुमत नव्हते. डलहौसीने कात्री चालवली ती अशी : खासगी मिळकतीपुरता दत्तक चालेल, सत्तेपुरता सार्वभौम सरकारची परवानगी लागेल. तहात ही परवानगी कुठेही लिहिलेली नाही. मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क विरोधात होते, साताऱ्याचे रेसिडेंट बार्टल फ्रिअर दत्तक मान्य करा असे लिहीत होते, लंडनमध्ये टकर यांच्यासारख्या डायरेक्टरांनी भिन्नमत नोंदवले. तरी जानेवारी 1849 मध्ये डायरेक्टरांच्या बहुमताने खालसा कायम झाली. कंपनीने स्वतः लिहिलेल्या तहाचा अर्थ कंपनीनेच लावला, आणि मुलूखही कंपनीलाच मिळाला. कुठल्याही पंचापुढे हे एक वाक्य ठेवले असते तरी पुरे होते. फक्त पंच नव्हता.

रंगो बापूजी तरीही आणखी चार-पाच वर्षे तिथे राहिले. डोक्यावर कर्ज, काशीहून येणारे पैसे बंद झालेले, थंडी, आणि ज्या लोकांनी सुरुवातीला उत्साहाने ऐकले त्यांची संपलेली उमेद. 1853 च्या अखेरीस ते लंडन सोडून निघाले.

चौदा वर्षांत मिळाले काय, असे विचारले जाते. निकाल मिळाला नाही. पण लंडनच्या सभांतून आणि पार्लमेंटातून सातारच्या प्रकरणाचे कागद छापले गेले, म्हणूनच गिरजाबाईंच्या अर्जाचे आणि लॉडविकच्या पश्चात्तापाचे आज आपण बोलू शकतो. रेकॉर्ड तयार करणे हे हरणाऱ्या वकिलाचेही काम असते. 1857 नंतर सरकारने धोरण बदलले. राणीच्या 1858 च्या जाहीरनाम्यात तह पाळण्याचे वचन आले, आणि व्हाइसरॉय कॅनिंगच्या काळात अनेक संस्थानिकांना दत्तकाच्या सनदा मिळाल्या. ज्यांच्या जहागिरींवरून वाद पेटला ते औंध, फलटण, भोर, जत 1948 पर्यंत टिकले, आणि छत्रपतींची गादी मात्र गेली. याचे श्रेय रंगो बापूजींना द्यावे असे मी म्हणणार नाही, तेवढा दुवा कागदात नाही. पण जो मुद्दा ते ओरडून सांगत होते तोच शेवटी सरकारला मान्य करावा लागला.

साताऱ्यात परतलेल्या माणसाने मग अर्ज लिहिले नाहीत. 1857 च्या उन्हाळ्यात साताऱ्यात उठावाची जुळवाजुळव चालली होती, तिच्या मध्यभागी रंगो बापूजी होते. कट फुटला, धरपकड झाली. 8 सप्टेंबरला गेंडामाळावर सतरा जणांना देहदंड दिला : पाच फाशी, सहा तोफेच्या तोंडी, सहा गोळ्या घालून. फाशी गेलेल्यांत त्यांचा मुलगा सीताराम होता. चौदा वर्षे ज्याने उघड चौकशी मागितली, त्याच्या मुलाचा निकाल काही आठवड्यांत लागला.

मी ज्युनियरांना गेंडामाळावर नेतो ते या वाचनाच्या शेवटच्या दिवशी, कोर्ट सुटल्यावर. तिथे मी फारसे बोलत नाही.

रंगो बापूजी सापडले नाहीत. ठाण्याला एका लग्नाला आले असता वेष बदलून निसटले, असे सांगतात. त्यांना धरून देणाऱ्याला सरकारने बक्षीस जाहीर केले होते. ते घ्यायला कोणी पुढे आले नाही.